नगरवर एखादा जॅझ अल्बम निघाला तर?

(आमच्या ऑडिओ भागाचं हे शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी काढली आहे, बाकी बोलणं जसंच्या तसं ठेवलंय.)

हेडफोन असतील तर लावा. बसमध्ये असाल तर खिडकीची जागा पकडा. आज जरा कान देऊन ऐकायचा विषय आहे.

सुरुवातीला पाच नावं सांगतो. 'गँजेस', 'अ स्ट्रीट इन बॉम्बे', 'जयपूर', 'जॉइस कंट्री', 'महाराणी'. वाटतं ना, कुणीतरी फिरायला निघालंय आणि तिकिटं काढतंय? पण ही एका जॅझ रेकॉर्डवरच्या रचनांची नावं आहेत. साल १९६९, गाव लंडन, रेकॉर्डचं नाव 'इंटिग्रेशन', आणि गिटार वाजवणारा माणूस मुंबईचा. अमान्सियो डिसिल्वा.

आता मला पडलेला प्रश्न. यात गाणारं कुणी नाही, शब्द नाहीत. गिटार, ट्रम्पेट, सॅक्सोफोन, बास, ड्रम्स, एवढंच. मग रचनेचं नाव 'जयपूर' ठेवलं म्हणून त्यात जयपूर येतं का? की ते नुसतं लेबल? लोणच्याच्या बरणीवर चिठ्ठी लावावी आणि आत भलतंच असावं, तसं?

हा प्रश्न मी का उकरून काढतोय, ते शेवटाकडे कळेल. कारण मला त्यातून आपल्या नगरकडे यायचंय. म्हणजे अहिल्यानगरकडे. नाव कागदावर बदललं, तोंडातून जायला जरा वेळ लागतोय, सांभाळून घ्या.

आधी माणूस

अमान्सियो डिसिल्वाचा जन्म १९३६ चा, मुंबईतला. घरचे लोक मूळ गोव्याचे. गिटार तो स्वतःच शिकला. आणि गोव्याकडची मंडळी जॅझमध्ये एवढी कशी, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन मिनिटं.

पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळा असायच्या. तिथं पोरांना पाश्चात्त्य पद्धतीचं नोटेशन शिकवलं जायचं. म्हणजे कागदावर लिहिलेलं संगीत वाचायचं आणि वाजवायचं. शेतीत भागत नव्हतं, नोकऱ्या नव्हत्या, म्हणून ही वाचता-वाजवता येणारी पोरं मुंबईला आली. रात्री हॉटेलात नाचासाठी बँड वाजवायचा आणि दिवसा फिल्म स्टुडिओत बसायचं. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकेतले काळे जॅझ वादक येऊन वाजवून गेले होते. त्यांना ऐकून इथल्या पोरांचे कान तयार झाले.

आणि इथं आपला जिल्हा येतो. सी. रामचंद्र! रामचंद्र नरहर चितळकर. 'ऐ मेरे वतन के लोगो'ची चाल ज्यांनी बांधली ते. जन्म १२ जानेवारी १९१८, गाव पुणतांबा. हो, शेतकरी संपामुळे २०१७ मध्ये सगळ्या महाराष्ट्राला माहीत झालेलं, गोदाकाठचं, चांगदेव महाराजांच्या समाधीचं पुणतांबं. या पुणतांब्याच्या माणसानं हिंदी सिनेमात जॅझ आणि लॅटिन ठेके बिनधास्त आणले. त्यांच्या सोबतीला होते गोव्याचे ट्रम्पेट वादक चिक चॉकलेट. खरं नाव अँतोनियो शाव्हियेर वाझ, गाव हळदोणा. १९५१ चा 'अलबेला' बघा, चिक चॉकलेट आपला बँड घेऊन पडद्यावरच दिसतात.

पण हे नशीब थोड्यांचं. बाकी शेकडो वादक, अरेंजर, दिवसभर स्टुडिओत बसून दुसऱ्याच्या चालीत रंग भरायचे आणि श्रेयनामावलीत त्यांचं नाव शोधून सापडायचं नाही. आजही आपण जुनं गाणं ऐकतो, मधला ट्रम्पेटचा तुकडा ओठांवर येतो, तो कुणी वाजवला हे विचारलं तर गप्प.

हे लक्षात ठेवा. म्हणजे 'इंटिग्रेशन'चं मोल कळेल. त्या रेकॉर्डवर रचना स्वतःच्या आणि नाव स्वतःचं. आणि रचनांना नावं कुणाची दिली? जिथं आपण राहिलो, जिथं आपल्याला कुणी हात दिला, त्या जागांची आणि माणसांची.

जागा सुरांत कशी शिरते?

डिसिल्वा १९६७ मध्ये इंग्लंडला गेला. दोन वर्षांत 'इंटिग्रेशन' रेकॉर्ड झाली. सोबत ट्रम्पेटवर इयान कार, सॅक्सोफोनवर डॉन रेंडेल, बासवर डेव्ह ग्रीन, ड्रम्सवर ट्रेव्हर टॉमकिन्स. सगळे इंग्लंडच्या जॅझमधले तयारीचे लोक. पण मुंबईची गल्ली काही त्यांच्या रोजच्या वाटेवर नव्हती. मग त्यांच्याकडून 'मुंबईतली एक गल्ली' कशी वाजवून घ्यायची?

फेरीवाल्याचा आवाज भरून? घोड्याच्या टापा, देवळाची घंटा टाकून? तसं करता आलं असतं. सिनेमात करतातच. डिसिल्वानं जागा आणली ती आपल्या बोटांतून. त्याचं गिटार ऐका. जॅझचं गिटार साधारणपणे एकामागून एक कॉर्ड बदलत पुढं सरकतं. हा पुष्कळदा एकाच स्वराभोवती घुटमळतो. खाली एक आधारस्वर धरलेला, जणू तानपुरा लावलाय, आणि वर एकेक स्वराची ओळ वळणं घेत जाते. एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी न मारता घसरत जाण्याची ओढ. आपण मींड म्हणतो ना, तिच्या नात्यातलं काहीतरी. ज्याचे कान मुंबईत घडलेत त्याचीच बोटं अशी चालणार. लंडनच्या वादकांना त्यानं मुंबई समजावून सांगितली नसेल, पण त्या चालीवरून त्यांना चालवलं.

म्हणजे माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे: जागा नावातून येत नाही, सवयीतून येते. कानाला आणि हाताला जडलेल्या सवयीतून.

उरलेलं अर्धं उत्तर 'जॉइस कंट्री' या नावात आहे. मला ते फार आवडतं. आयर्लंडच्या पश्चिमेला, गॉलवे आणि मेयो या परगण्यांच्या सीमेवर डोंगर-तळ्यांचा एक मुलूख आहे, त्याचं खरोखरचं नाव जॉइस कंट्री. आणि डिसिल्वाच्या बायकोचं नाव जॉइस. ती आयरिश. म्हणजे नकाशावरचा मुलूख तोच आणि 'जॉइसचा देश'ही तोच. बघा, जागा आपल्याला महत्त्वाची का वाटते? तिथं डोंगर आहे म्हणून? डोंगर सगळीकडे आहेत. तिथं आपलं कुणीतरी आहे म्हणून.

'महाराणी'चंही तसंच. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवींचा या गिटारवाल्याला आश्रय होता. तेव्हा 'जयपूर' म्हणजे गुलाबी शहराचं पोस्टकार्ड नाही. कुणीतरी आपलं वाजवणं मन लावून ऐकलं, त्याची ती आठवण.

न पाहिलेलं गाव

त्याच वर्षी, १९६९ मध्येच, दुसरी रेकॉर्ड झाली. नाव चक्क 'हम दोनो'. यातले दोघे म्हणजे डिसिल्वा आणि जो हॅरियट. हॅरियट जमैकाचा, अल्टो सॅक्सोफोन वाजवायचा, १९५१ मध्ये इंग्लंडला आलेला. एक किंग्स्टनचा, एक मुंबईचा. दोघंही अशा देशात, जिथं त्यांच्या कातडीचा रंग लोक आधी बघायचे आणि वाद्य नंतर. सोबत नॉर्मा विन्स्टन गाते, पण शब्दांशिवाय. तिचा आवाज एखाद्या वाद्यासारखा येतो.

जाता जाता आपल्या माणसांचं एक नाव सांगतो. हॅरियटनं याआधी कोलकात्यात जन्मलेल्या जॉन मेयरबरोबर 'इंडो-जॅझ' रेकॉर्ड केल्या होत्या, त्यात तबल्यावर होते केशव साठे. लंडनच्या जॅझमध्ये तबला घट्ट बसवणाऱ्या पहिल्या काही लोकांमधला हा मराठी माणूस. आपल्याकडे किती जणांना माहीत आहे?

तर 'हम दोनो'वर एक रचना आहे, 'बॅलड फॉर गोवा'. आणि इथं मी थांबलो. कारण डिसिल्वा जन्मला मुंबईत. गोवा त्याच्या घरच्यांचं. म्हणजे तुमच्या-माझ्यासारखंच की! पुण्यात, भोसरीत, कल्याणला वाढलेली किती पोरं विचारलं की सांगतात, "आमचं गाव पारनेर." "गाव कोणतं?" "शेवगाव." राहिलेत किती दिवस? उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ-पंधरा दिवस. पण 'आमचं गाव' म्हणताना आवाज बदलतो. ते गाव निम्मं आजीच्या बोलण्यातून आलेलं असतं. ते खोटं असतं का? मला वाटतं, नाही. फक्त ते उसनं असतं, आणि उसनं घेतलेलं कधीतरी फेडायचं असतं. 'बॅलड फॉर गोवा' मला अशी फेड वाटते.

आणि मग तिसरी रेकॉर्ड, 'कोकण डान्स'. ही १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला वाजवली गेली. रेकॉर्ड झाली आणि तशीच पडून राहिली. बाजारात आलीच नाही. डिसिल्वा १९९६ मध्ये गेला. 'कोकण डान्स' लोकांच्या हातात पडली २००६ मध्ये. तीस वर्षांहून जास्त काळ कोकण एका डब्यात बंद होतं, आणि ज्यानं ते भरलं तो उघडताना बघायला नव्हता.

हे ऐकून वाईट वाटतं, वाटायलाच हवं. पण दुसरी बाजू बघा. ते भरून ठेवलं होतं, म्हणूनच सापडलं. जे भरूनच ठेवलं नाही, ते तीस काय तीनशे वर्षांनीही सापडणार नाही.

आता आपण

समजा, आपल्या जिल्ह्यावर असा अल्बम करायचा. क्षेत्रफळानं राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. शिर्डी आणि शिंगणापूर सगळ्यांना माहीत, त्यावर गाणी ढिगानं आहेत. मी ती सोडून देतो. माझी यादी ऐका, तुमची वेगळी असेल.

पहिली रचना: घाटघर. अकोले तालुक्याचं पश्चिम टोक. तिथं पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला पाचशे-साडेपाचशेवर वर्ष काढायचं. म्हणजे एकाच अल्बमच्या एका टोकाला ड्रम्स थांबत नाहीत आणि दुसऱ्या टोकाला एकेका थेंबासाठी वाट बघायची. ही रचना सुरू होईल दणक्यात आणि पूर्वेकडे जाता जाता एकेक वाद्य गळत जाईल.

दुसरी: काजवे. भंडारदऱ्याच्या परिसरात मे-जूनमध्ये झाडंच्या झाडं लुकलुकतात. गंमत अशी की काजव्यांना आवाज नाही, पण ताल आहे. एक झाड पेटतं, विझतं, शेजारचं उत्तर देतं. जॅझमध्ये असं वाजवतात, एकानं सवाल टाकायचा, दुसऱ्यानं जबाब. इथं ते अंधारात, निःशब्द चाललेलं असतं. ही रचना फार हळू वाजवावी लागेल. आणि हात जोडून सांगतो, बघायला गेलात तर गाडीचे दिवे, फ्लॅश, स्पीकर बंद. काजवा उजेडातून बोलतो. आपला उजेड म्हणजे त्याच्या कानात केलेला आरडाओरडा.

तिसरी: निघोजचे रांजणखळगे. कुकडी नदीचं पात्र. पाण्याच्या भोवऱ्यात अडकलेले दगडगोटे हजारो वर्षं गोल गोल फिरत राहिले आणि त्यांनी काळ्या बेसाल्टमध्ये रांजणाएवढे खड्डे कोरले. इतका लांबलेला ठेका कुठल्या ड्रमरनं धरलाय?

चौथी: पुणतांबा. इथं ट्रम्पेट हवं. रेल्वे थांबते, सुटते, गोदावरी वाहते, आणि एक पोरगं इथून निघून मुंबईच्या बँडला नाचवतं. या रचनेत शेवटी एक मिनिट स्पाईक मिलिगनला द्यायचं. हा कोण? ब्रिटनमधला गाजलेला विनोदवीर, रेडिओवरच्या 'द गून शो'चा लेखक. विनोदाकडे वळण्याआधी जॅझ ट्रम्पेट आणि गिटार वाजवायचा. बाप ब्रिटिश फौजेत, म्हणून जन्म आपल्या नगरच्या छावणीत. तारीख १६ एप्रिल १९१८. सी. रामचंद्रांनंतर तीन महिन्यांनी! एकाच जिल्ह्यात, एकाच वर्षी जन्मलेली दोन पोरं. एकानं मुंबईला हसत नाचवलं, दुसऱ्यानं लंडनला हसवून वेडं केलं. भेट झाल्याचं ऐकिवात नाही. अल्बममध्ये भेटवू.

आणि पाचवी

पाचवीपाशी माझा आवाज जरा खाली येतो.

पाचवी रचना कर्जत, श्रीगोंद्याकडच्या माळाची. मागे मी रेहेकुरीच्या बाजूला संध्याकाळी रेकॉर्डिंग करायला गेलो होतो. रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य १९८० चं, जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं. अभयारण्याच्या हद्दीबाहेर, रस्त्याकडेला उभं राहून मी अकरा मिनिटं फोन धरला. घरी येऊन ऐकलं. वारा. टिटवी. लांबवर पाण्याची मोटर. एक मोटरसायकल. पुन्हा वारा. काळवीट तर शांतच प्राणी. मी म्हटलं, यात काहीच नाही.

मग लक्षात आलं की 'काहीच नाही' हेच ऐकायचं होतं. कारण या माळांवर एकेकाळी माळढोक होता. मीटरभर उंचीचा, जड अंगाचा पक्षी. नर माळढोक विणीच्या काळात गळ्याची पिशवी फुगवून घुमतो, खोल, घुमारेदार, आणि तो आवाज अर्धा किलोमीटरपर्यंत जातो. त्याच्यासाठी १९७९ मध्ये सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत अभयारण्य जाहीर झालं, तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात गावं आली, शेतं आली, लोकांची कामं अडली, आणि पुढं ते कापून सव्वाबाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणलं. शेतकऱ्याला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे, मी तो देणार नाही. ज्याच्या सातबाऱ्यावर अभयारण्याचा शिक्का बसतो, त्याला विचारा. पण त्या ओढाताणीत पक्षी गेला. आज देशभरात माळढोक दीडशेच्या आत उरलेत, बहुतेक राजस्थानात. आपल्या माळावर तो जवळजवळ संपला. माळ म्हणजे पडीक जमीन, असं आपण शाळेपासून समजत आलो, तेही एक कारण. जंगल वाचवा म्हणणारे खूप, गवत वाचवा म्हणणारं कोण?

तर ही पाचवी रचना कशी वाजवायची? मला सुचलेलं सांगतो. खाली बासचा एकच स्वर, वाऱ्यासारखा. वर गिटार, एकेक ओळ. आणि जिथं माळढोकाचा घुमारा यायला हवा, तिथं सगळ्यांनी थांबायचं. चार मात्रा रिकाम्या. पुन्हा सुरू. पुन्हा त्याच जागी चार मात्रा रिकाम्या. ऐकणाऱ्याला वाटेल, काहीतरी चुकलं. चुकलंच आहे.

आता परत डिसिल्वाकडे. तो लंडनमध्ये बसून कोकण वाजवू शकला, कारण कोकण त्याच्या कानात होतं. आपल्या कानात काय आहे? माझ्या आजोबांच्या पिढीच्या कानात माळढोक होता. माझ्या कानात त्याच्याबद्दलचं बोलणं आहे. माझ्यानंतरच्यांच्या कानात हा पॉडकास्ट असेल, झालं.

गृहपाठ

म्हणून या वेळी गृहपाठ देतोय, करायचाच. फोन तुमच्या हातात आहेच. आपल्या गावातली एक जागा निवडा, तुम्हाला महत्त्वाची वाटणारी. ओढा, बांध, शाळेमागचं चिंचेचं झाड, एसटी स्टँड, काहीही. फोन एअरप्लेन मोडवर टाका, म्हणजे मध्येच रिंग वाजणार नाही. कशावर तरी टेकवा, हातात धरलात तर बोटांची खरखर येते. वारा असेल तर माईकवर रुमालाचा एक पदर टाका. दोन मिनिटं भरा. आणि महत्त्वाचं, शेवटी स्वतःच्या आवाजात सांगा: गाव, जागा, तारीख, वेळ, आणि ही जागा का. तेवढं नसेल तर तीस वर्षांनी डबा उघडणाऱ्याला कळणार कसं?

ज्यांना वाजवता येतं, त्यांनी त्यावर वाजवा. हलगी, पेटी, गिटार, कीबोर्ड, चालेल. फक्त आधी ऐका, मग वाजवा. वाजवणाऱ्यांचं नावही लिहा, सगळ्यांचं. स्टुडिओतल्या त्या बिननावाच्या लोकांची तेवढी फेड तरी होऊ द्या.

आणि आज रात्री 'इंटिग्रेशन' शोधून ऐका. पहिल्यांदा नावं न बघता. दुसऱ्यांदा नावं बघून. काय बदललं, ते मला कळवा.

काळजी घ्या, कान उघडे ठेवा. भेटू पुढच्या भागात.